एकाच्या खाली

०.९०५

"अक्का, तुमच्या खात्यात ऐंशी लाख पडून हाईत. जगाला दिसालंय ते. आणि माझे सेहेचाळीस देता येत नाहीत म्हणतीस?"

पद्मजा उगारेनं धाकट्या भावाला उत्तर देण्याआधी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर वीतभर उंचीचा आकडा जळत होता. गेल्या चार वर्षांत मगदूम पंप्सच्या ऑफिसात त्या आकड्याकडे न बघता कुणी तोंड उघडलं नव्हतं. तो आकडा काढणाऱ्या यंत्राला कामगार सासूबाई म्हणत. चहात कुणी साखर जास्त घेतली तरी सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते असं ते म्हणायचे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

"देता येत नाहीत असं नाही, भरतू. दिले तर आम्ही मरतो."

"ऐंशीतनं सेहेचाळीस गेले तर चौतीस उरतात. चौतीस लाख खिशात असलेला माणूस कसा मरंल?"

"माणूस नाही मरत. कंपनी मरते."

भरतेश हसला. रुईच्या माळावर त्याची ओतकामाची भट्टी होती. एकोणीस माणसं घेऊन तो पंपांच्या बॉड्या ओतायचा आणि सगळ्याच्या सगळ्या याच कारखान्याला द्यायचा. नखांत काळी वाळू कायमची बसलेली. "गणितात पस्तीस पडले म्हणून जन्मभर सगळे मलाच शिकवतात. शिकव, तू पण शिकव."

तिनं शिकवलं. कागदावर एक रेघ ओढली. रेघेच्या वर लिहिलं ३६२, खाली ४००.

"वर काय, तर वर्षभरात ज्याचे पैसे होतील ते सगळं. रोकड, गोदामातले पंप, लोकांकडून येणारी उधारी. तीनशे बासष्ट लाख. खाली काय, तर वर्षभरात जे द्यावंच लागणार ते. चारशे. वरच्याला खालच्यानं भागलं की हा भिंतीवरचा आकडा. आता तुझे सेहेचाळीस दिले. रोकड गेली म्हणून वरून सेहेचाळीस गेले. देणं फिटलं म्हणून खालूनही गेले."

"दोन्हीकडनं सारखेच गेले की मग."

"तिथंच घात आहे. पाच माणसांत चार भाकरी आहेत असं समज. एक जण आपली भाकरी घेऊन उठून गेला. राहिले किती? चार माणसं, तीन भाकरी. आधी ऐंशी टक्के पोट भरत होतं, आता पंच्याहत्तर."

भरतेशनं कागद आपल्याकडे ओढला. "आणि चार माणसांत पाच भाकरी असत्या तर?"

"तर एक जण घेऊन गेला की उरलेल्यांना जास्तच आल्या असत्या. एकाच्या वर असलेल्यानं देणी भागवली की त्याचा आकडा चढतो. एकाच्या खाली असलेल्यानं भागवली की उतरतो. आम्ही तीन वर्षं एकाच्या खाली आहोत. तुझे दिले तर ०.८९३. आणि ०.९००च्या खाली चार सेकंद गेलं की कुलूप."

"म्हणजे ज्यानं बुडवायचं त्यानं जगायचं, आणि ज्यानं द्यायचं त्यानं—"

०.९०५

सासूबाई यायच्या आधी अशी गुणोत्तरं वर्षातून एकदा निघत. मार्चचा ताळेबंद तयार व्हायला जून, तपासून व्हायला सप्टेंबर. मग कुणी तज्ज्ञ चष्मा पुसून सांगायचा, की या कंपनीची चालू देणी चालू मालमत्तेला भारी झाली आहेत, उधारी वसूल व्हायला नव्वदऐवजी दीडशे दिवस लागताहेत, माल गोदामात मुक्काम ठोकून आहे. तोवर कंपनीचं तेरावं उरकलेलं असायचं. शिवाय एकतीस मार्चला सगळ्याच कंपन्या नटायच्या. आदल्या दिवशी देणी भागवायची, दोन एप्रिलला पुन्हा उचल करायची. पद्मजानं स्वतःच्या हातानं अकरा मार्च असे नटवले होते आणि तिला त्याची लाज नव्हती. नवरीला पावडर लावणाऱ्या बाईला कसली लाज?

यंत्रानं पहिल्यांदा मार्च मोडून टाकला. गोदामातले कॅमेरे नग मोजू लागले, विजेच्या मीटरवरून लेथ किती चालले ते कळू लागलं, प्रत्येक बिल जन्मतःच यंत्राकडे जाऊ लागलं. दर चार सेकंदांनी नवा ताळेबंद, आणि तो सगळ्या जगाला उघडा. कुणाला नटायला वेळच उरला नाही.

मग त्यानं तुलना सुरू केली. एकटं गुणोत्तर मुकं असतं. ०.९०५ चांगलं की वाईट, हे शेजाऱ्याचं बघितल्याशिवाय सांगता येत नाही. रोज रोकड गोळा करणाऱ्या किराणा दुकानाला जे पचतं ते पंपाच्या कारखान्याला पचत नाही. यंत्रानं सतरा लाख कंपन्यांच्या तीस वर्षांच्या नाड्या बघितल्या आणि काढलं, की पंपांच्या धंद्यात ०.९००च्या खाली घसरलेल्या शंभरांपैकी सत्त्याण्णव कंपन्या पुन्हा वर आल्या नाहीत. मग मरणाऱ्याला रखडवायचं कशाला? लवकर मारलं तर माल ताजा विकला जातो, पैसे देणाऱ्यांच्या पदरात जास्त पडतं. हिशेब बिनचूक होता. कायदा झाला. मर्यादेखाली चार सेकंद गेलं की खाती बंद, वीज बंद, गेट बंद, आणि बहात्तर तासांत लिलाव.

उरलेल्या तीन कंपन्या कशा वर आल्या, हे कुणी विचारलं नाही.

माणसं मात्र पटकन शिकली. स्थळ बघताना मुलाचा पगार विचारायचं बंद झालं. त्याच्या कंपनीचा आकडा विचारू लागले. एकाच्या वरच्या कंपनीत नोकरी असेल तर घरकर्ज साडेआठ टक्क्यांनी, खाली असेल तर तेरानं. कोल्हापुरातल्या हिशेबनिसांच्या गटात एकाच्या वरचे लोक शुभेच्छा पाठवत आणि खालचे लोक त्यांना पसंतीचे अंगठे देत.

०.९०५

वर: भरतेशची मालमत्ता ७८ लाख. त्यात मगदूम पंप्सकडून येणं ४६.
———
खाली: भरतेशची देणी ७१ लाख.

म्हणजे १.१०. ठणठणीत.

पण एकशे ऐंशी दिवसांवर रखडलेलं येणं यंत्र शून्य धरायचं. हे बिल एकशे एकोणसत्तर दिवसांचं झालं होतं. अकरा दिवसांनी वर उरणार बत्तीस लाख. बत्तीस भागिले एक्काहत्तर: ०.४५.

"मला जगायला कमीत कमी किती लागतील ते तरी सांग," भरतेश म्हणाला.

"बत्तीस."

"आणि तुम्हाला न मरता किती देता येतील?"

"वीस. वीस दिले तर आम्ही नेमके ०.९००वर उभे राहतो. त्यात दिवाबत्तीचं एक बिल आलं तर खलास."

"मग वीस दे. बारा मी उसने आणतो."

"उसने आणलेस तर ते खालीही बसतात, भरतू. कुणी परत न मागण्यासाठी टाकले तरच उपयोग."

"परत न मागण्यासाठी कोण टाकतंय? पार्श्वनाथ भगवान?"

दोघंही हसली. पद्मजाच्या नावावर चौदा लाखांची ठेव होती, मुलीच्या बेळगावच्या शिक्षणासाठी. ती ठेव मोडता येते हे भरतेशला ठाऊक होतं. त्यानं विचारलं नाही. त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं विषय काढला नाही. तो उठला, दारात थांबून म्हणाला, "आई असती तर तुला एक फटका दिला असता आणि मला दोन," आणि गेला.

वीस आणि बारा, बत्तीस. हे गणित करायला पस्तीस गुणसुद्धा लागत नाहीत.

०.९०५

तो गेटबाहेर पडल्यावर भिंतीवर मजकूर उमटला. सासूबाई नेहमी अदबीनं बोलायच्या.

*पुरवठादार क्रमांक ३३, भरतेश कास्टिंग, अकरा दिवसांत बंद होण्याची शक्यता आहे. त्यांच्या लिलावात आपल्याकडचं त्यांचं ४६ लाखांचं येणं रुपयाला सुमारे १४ पैसे या दरानं विकलं जाईल. ते आपणच खरेदी केल्यास आपलं देणं संपेल. अपेक्षित गुणोत्तर: १.००४. पर्यायी पुरवठादार: बेळगाव, दर दोन टक्क्यांनी कमी. सूचना: प्रतीक्षा करावी.*

पद्मजानं आकडेमोड स्वतः करून पाहिली. यंत्रावर विश्वास नव्हता म्हणून नाही, हाताला सवय होती म्हणून. सहा लाख चव्वेचाळीस हजार वरून जातील. सेहेचाळीस खालून जातील. तीनशे पंचावन्न पूर्णांक छप्पन्न भागिले तीनशे चोपन्न.

एक. तीन वर्षांत तिनं भिंतीवर एक हा आकडा पाहिला नव्हता. तिला एकदम भूक लागली, आणि त्या भुकेची तिला शरम वाटली. डबा उघडून तिनं सगळ्या चपात्या खाल्ल्या.

०.९०६

जिनगोंडा मगदूम, म्हणजे अण्णा, कारखान्याचे मालक. वय एकाहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू. पंप चाचणीला लावला, की बॉडीवर तळहात ठेवून आत बेअरिंग कसं बसलंय ते सांगायचे. भिंतीवरचं त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं.

"भरतेश आलता म्हणं," ते म्हणाले. हात पंपावरच. "देऊन टाक त्याचं."

"सगळे दिले तर कुलूप लागतं, अण्णा."

"मग लागणार नाही एवढे दे."

"वीस. पण मग आपण अगदी काठावर."

"चार दिवस राहू काठावर. सोमवारी सांगलीवाल्याचे पैसे येतील की."

"उधारी वसूल झाली तरी वरचा आकडा तेवढाच राहतो. एका खिशातून दुसऱ्या खिशात. नफ्यानं पंप विकले तरच हलतो."

अण्णांचा मुलगा सम्मेद दारातून आत आला. पुण्यात शिकलेला, चौतीस वर्षांचा, आणि त्यानं भिंतीवरचा मजकूर वाचलेला होता. "पप्पा, पद्माताई म्हणतात ते ऐका. घाई नको."

"घाई कसली? सहा महिने झाले त्याचा माल वापरून." अण्णांनी पंप बंद करायची खूण केली. आवाज उतरला. "पद्मा, सासूबाई काय म्हणतीया?"

सम्मेदनं तिच्याकडे पाहिलं. तिनं सम्मेदकडे पाहिलं. एवढ्यात ठरलं.

"काही नाही, अण्णा. नेहमीचंच."

"बरं. मी आकड्यात पडत नाही. तुझा भाऊ हाय, तुझ्या हातात." त्यांनी अंगठा पुढे केला. तिनं यंत्राची पट्टी धरली, त्यावर त्यांनी तो दाबला. वीस लाखांना मंजुरी. मुदत अकरा दिवस. "ठीक? आता मला यातलं काही विचारू नको."

अकरा

दहा. ठेव मोडायचा फॉर्म भरला. सही राहिली.

नऊ. भरतेशचा फोन. उचलला. मुलीबद्दल बोलले. बिलाबद्दल नाही.

आठ.

सात. मुलगी म्हणाली, मामाच्या भट्टीवर वीज ये-जा करतेय का, त्याचा आवाज रडका येतो.

सहा. हिशेबनिसांच्या गटात हुपरीच्या एका बाईंनी त्यांचा १.०० टाकला. एकशे बारा अंगठे.

पाच. सम्मेद म्हणाला, "एकाच्या वर गेलो तर तुमचा पगार मी स्वतः बघतो." ती म्हणाली, "पगाराचा प्रश्न नाही." तो म्हणाला, "माहीत आहे."

चार. भरतेशनं दोन माणसं कमी केली. कमी करून काही होत नाही, पगार महिनाअखेरीला खाली बसतो, हे त्याला कुणी सांगायचं?

तीन, दोन.

एक. फॉर्मवर सही केली.

हा प्रसंग घडला नाही

सकाळी साडेदहाला पद्मजानं बँकेत फॉर्म दिला. बारा लाख भरतेश कास्टिंगच्या भांडवलात टाकले. कारखान्यात येऊन अण्णांच्या अंगठ्याखालचे वीस लाख सोडले. भिंतीवर ०.९००. सम्मेद ओरडला. सगळा कारखाना श्वास रोखून उभा राहिला. कुणी पंखाही लावला नाही. दुपारी दोन वाजता नफ्यानं सात पंप गेले, आकडा ०.९०१ झाला. भरतेश येऊन म्हणाला, "अक्का, तू येडी हाईस." मुलीनं बेळगावहून फोन करून विचारलं, ठेव का मोडली, आणि कळल्यावर म्हणाली, मी शिकवण्या घेईन. शंभरातली अशी तीन घरं असतील.

हा प्रसंग घडू शकला असता. कशानं अडला असेल तर फक्त एवढ्यानं, की सही केलेला फॉर्म तिच्या पर्समध्ये होता, पर्स तिच्या मांडीवर होती, आणि साडेदहाला, अकराला, बाराला, चारला ती खुर्चीत बसून होती. कुणी तिला धरलं नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती.

चार वाजून सहा मिनिटांनी बिल एकशे ऐंशी दिवसांचं झालं. चार वाजून सहा मिनिटं चार सेकंदांनी रुईच्या माळावरच्या भट्टीची वीज गेली. भट्टीत चारशे किलो लोखंड वितळलेलं होतं. ते तसंच आत थिजलं. थिजलेल्या लोखंडानं भट्टीचं अस्तर फाटतं आणि ती पुन्हा कामाला येत नाही. यंत्रानं ताबडतोब भट्टीची किंमत शून्य केली.

०.९०५

लिलाव स्क्रीनवर होतो, आणि खरेदीदाराचं नाव गुप्त राहतं. लॉट पहिला: साचे. लॉट दुसरा: टेंपो. लॉट सातवा: मगदूम पंप्सकडून येणं, रुपये सेहेचाळीस लाख.

कुणीतरी अकरा पैसे म्हणालं. पद्मजानं बारा टाकले. कुणीतरी तेरा. तिनं चौदा. पुढे कुणी बोललं नाही. स्क्रीननं तिचं अभिनंदन केलं.

सम्मेद मागे उभा होता; मंजुरीचा अंगठा या वेळी त्याचाच होता. "भाव तेरावरच थांबला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला, "पण ठीक आहे."

१.००४

अंक हिरवे झाले. कामगार आत आले. कुणीतरी भिंतीखाली नारळ फोडला, पाणी सासूबाईंच्या अंगावर उडालं, आणि एक जण ओरडला, "हळू रं, न्हाण आलं काय म्हातारीला?" एकशे चाळीस माणसं हसली. त्यांच्या घरकर्जांचे हप्ते त्याच तासात कमी झाले. अण्णांना कुणीतरी पेढा भरवला. "कसं काय झालं गं एकदम?" त्यांनी विचारलं.

"जुळून आलं, अण्णा."

"आणि भरतेशचं?"

"त्याचं आपल्याकडे आता काही नाही."

अण्णांनी मान हलवली. त्यांना वाटलं, फिटलं.

गटात तिनं १.००४ टाकला. तीनशे चाळीस अंगठे. ते तिनं मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर नवा मजकूर होता: *आपण एकाच्या वर आहात. देणी लवकर भागवल्यास गुणोत्तर वाढेल. सूचना: सर्व पुरवठादारांना आजच पैसे द्यावेत.* तिनं दुपारपर्यंत साठ जणांना बहात्तर लाख दिले. रंगवाल्याला, खोकेवाल्याला, ज्यांनी मागितलेही नव्हते त्यांना. चहावाल्याचे एकतीसशे रुपयेसुद्धा.

१.००६

एक वाजता भरतेशचा फोन आला.

"जेवलीस?"

"बसतेच आहे. तू?"

"झालं. चौगुले रंगवाला आलता पेढे घेऊन. म्हणाला, मगदूमनी सगळ्यांचं चुकतं केलं. एकाच्या वर गेलासा म्हणं. कसं काय ते मला कळत नाही, पण बरं झालं गं. अण्णांनी लई सोसलं."

"भरतू, तू आता—"

"माझं सोड. बेळगावच्या भट्टीवाल्याला माणूस पाहिजे, बघतो. मी दुसऱ्यासाठी फोन केलता. लिलावात माझं बिल कुणीतरी चौदा पैशानं मारलं. तुम्ही आज सगळ्यांचं दिलंसा म्हणजे त्या भडव्याला सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मिळाले असणार. बसल्या जागी. व्हय की नाही?"

तिनं भात कालवायला घेतला होता. बोटं तशीच राहिली.

"तुला काही दोष देत नाही, अक्का. वीसच्या वर तुझ्या हातात नव्हतं, तू कागदावर दाखवलंस की. फक्त एवढं कर. तुला आतनं दिसतं. तेवढं नाव काढून दे. मी काही करणार नाही. एकदा तोंड बघायचंय त्याचं."

"थांब, बघते," ती म्हणाली.

नाव शोधायला जेवढा वेळ लागावा तेवढा तिनं जाऊ दिला. हात धुतले, पुसले. मग फोन कानाला लावून म्हणाली, "नाव दिसत नाही रे. पण पार्टी बेळगावकडची आहे."

"वाटलंच," भरतेश म्हणाला. "आपल्यातला माणूस असं करत नाही."